आलेखात रस्ता शोधणाऱ्या मुलाच्या आईस

पत्र (संक्षिप्त) : माझा मुलगा नववीत, मराठी माध्यमात शिकतो. आकडेमोड त्याला चांगली जमते. अंतर, वेळ आणि चाल यांची शाब्दिक उदाहरणे तो सहज सोडवतो. परंतु घटक चाचणीत आलेखांच्या दोन प्रश्नांना मिळून त्याला दहापैकी दोनच गुण मिळाले. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीच्या अंतर-काल आलेखाखाली त्याने ‘मुलगी आधी चढ चढली, मग सपाट रस्त्याने गेली आणि नंतर पुन्हा थोडा चढ चढली’ असे लिहिले. बसच्या चाल-काल आलेखाखाली ‘बस पुढे गेली, थोडा वेळ थांबली आणि मग परत आली’ असे लिहिले. शिक्षकांनी ‘संकल्पना स्पष्ट नाही’ एवढाच शेरा दिला आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, मला स्वतःला हे आलेख आता आठवत नाहीत. त्याचे गणित कच्चे आहे का? शिकवणी लावावी का? की घरी मी काही करू शकते? उत्तरपत्रिकेच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. – एक आई, कराड

सप्रेम नमस्कार.

उत्तरपत्रिकेचे पान तुम्ही सोबत पाठवलेत, हे फार चांगले केलेत. नुसते गुण कळवले असते, तर मलाही ‘सराव वाढवा’ यापलीकडे काही सांगता आले नसते. ते पान मी दोन-तीनदा वाचले आणि माझे मत असे झाले की तुमच्या मुलाचे गणित कच्चे नाही. त्याने अंदाजाने काहीतरी खरडलेले नाही. त्याने दोन्ही आकृत्या मन लावून पाहिल्या आहेत आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. चूक पाहण्याच्या रीतीत आहे. शिवाय, दोन प्रश्नांतल्या चुका एकाच जातीच्या नाहीत, आणि ही गोष्ट तुमच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पहिल्या प्रश्नात त्याने आलेखाला चित्र मानले. रेषा वर गेली म्हणजे रस्ता वर गेला, रेषा आडवी झाली म्हणजे रस्ता सपाट झाला. दुसऱ्या प्रश्नात मात्र त्याने तसे केलेले नाही. तिथे आडव्या रेषेला तो ‘बस थांबली’ म्हणतो आणि उतरत्या रेषेला ‘बस परत आली’ म्हणतो. हे दोन्ही नियम खरे आहेत, फक्त ते अंतर-काल आलेखाचे आहेत आणि त्याने ते चाल-काल आलेखाला लावले. म्हणजे वर्गात शिकवलेले त्याच्या डोक्यात शिरले आहे. ते कोणत्या आकृतीला लावायचे, हे ठरवण्याआधी उभ्या अक्षावर काय लिहिले आहे हे वाचायची सवय त्याला लागलेली नाही. उभा अक्ष ‘घरापासूनचे अंतर’ सांगतो की ‘चाल’ सांगतो, यावर तीच रेषा पूर्णपणे वेगळी गोष्ट बोलते.

या चुका तुमच्या मुलाच्या एकट्याच्या नाहीत. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गतीच्या आलेखांबाबत विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणींचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातले विद्यार्थी भौतिकशास्त्र शिकणारे, महाविद्यालयीन वयाचे होते, आणि तरीही रेषेची उंची पाहायची की तिचा तिरपेपणा पाहायचा, इथेच त्यांचा गोंधळ होत होता. नववीतल्या मुलाचा तिथे गोंधळ झाला, तर काळजीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांपुढे तर भाषेचीही एक अडचण असते आणि ती शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. रेषेच्या तिरपेपणाला गणितात आपण ‘चढ’ म्हणतो. दहावीच्या निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ काढायलाच शिकवतात. आता कराडच्या मुलाला चढ म्हटले की काय आठवणार? कुंभार्ली घाट आठवणार. त्यातच वर्तमानपत्रांतून, भाषणांतून ‘प्रगतीचा चढता आलेख’ हे शब्द कानावर पडत असल्यामुळे रेषा वर जाणे म्हणजे काहीतरी वर जाणे, वाढणे, हे मनात पक्के झालेले असते. ‘चढ’ हा शब्द वाईट नाही, मला तो आवडतो. पण तो पहिल्यांदा वापरताना हा चढ पायाखालच्या जमिनीचा नसून कागदावरच्या रेषेचा आहे, एवढे एक वाक्य शिक्षकाने बोलायला हवे.

मी स्वतः ते बोलले नव्हते. शिक्षिका म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर सहा आकृत्या काढून देत असे, प्रत्येकीखाली अर्थ लिहून देत असे आणि मुलांकडून तो तक्ता पाठ करून घेत असे. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, पण यात रस्ता कुठे आहे?” मी तिला म्हणाले, “रस्त्याचं राहू दे, रेषेकडे बघ.” ती गप्प बसली. त्या मुलीने अगदी नेमका प्रश्न विचारला होता आणि मी तो बाजूला सारला, याची खंत मला आजही आहे. आलेखात रस्ता नसतोच. रस्ता घाटाचा असो, वळणाचा असो की सरळ असो, त्याचे रूप कागदावर कुठेच उतरत नाही. प्रत्येक क्षणी ती सायकल घरापासून किती दूर होती, एवढी एकच गोष्ट त्या रेषेत असते. तिच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते आणि तुमच्या मुलालाही आधी तेच हवे आहे.

ते सांगून पटत नाही, करून पटते. म्हणून पहिले दोन दिवस आलेख-कागद बाहेर काढूच नका. घरात किंवा अंगणात पाच मीटर मोकळी जागा असेल, तिथे खडूने एकेक मीटरवर खुणा करा आणि त्यांना शून्य ते पाच असे आकडे द्या. शून्य म्हणजे घर. तुम्ही मोबाइलमधल्या घड्याळाकडे पाहून दर दोन सेकंदांनी एक टाळी वाजवा. मुलाने पहिल्या चार टाळ्यांना एकेक मीटर पुढे जावे. पुढच्या तीन टाळ्यांना चारच्या खुणेवर उभे राहावे. मग दोन टाळ्यांत, दोन-दोन मीटरच्या ढांगांनी, शून्यावर परत यावे. धाकटे भावंड असेल तर त्याला वही देऊन प्रत्येक टाळीला दादा कुठल्या खुणेवर आहे ते लिहायला सांगा. वहीत आकडे येतील ते असे : ०, १, २, ३, ४, ४, ४, ४, २, ०.

आता कागद घ्या. आडव्या अक्षावर टाळ्या, उभ्या अक्षावर घरापासूनचे अंतर. दहा बिंदू मांडून जोडले की एक टेकडी तयार होईल : डावीकडून हळूहळू चढणारी, वर सपाट, उजवीकडे एकदम उतरणारी. इथे थांबा आणि त्याला एकच प्रश्न विचारा : “फरशी तर सगळीकडे सपाट होती, मग कागदावर ही टेकडी कुठून आली?” उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला वेळ लागला तर लागू द्या. पुन्हा चालून पाहायचे म्हणाला तर चालू द्या. ‘मी टेकडीवर गेलो नाही, मी फक्त घरापासून लांब गेलो’ अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडून आले की निम्म्याहून अधिक काम झाले असे समजा.

त्याच कागदावर त्याला आणखी दोन गोष्टी दिसतील. परत येतानाची रेषा जातानाच्या रेषेपेक्षा जास्त उभी आहे, कारण जाताना एका टाळीला एक मीटर आणि येताना एका टाळीला दोन मीटर अंतर पडले. रेषेचा तिरपेपणा म्हणजे चाल, हा नियम त्याला इथे आपल्या पायांनी कळेल. दुसरे असे की चारच्या खुणेवर तो तीन टाळ्या उभा होता तेव्हा पेन्सिल मात्र उजवीकडे सरकत राहिली. तो थांबला तरी वेळ थांबली नाही. आडवी रेषा म्हणजे फक्त वेळ पुढे गेली आणि जागा तीच राहिली. मग विचारा, अगदी उभी रेषा काढली तर? म्हणजे एकाच टाळीला तो शून्यावरही हवा आणि चारवरही हवा. मुले यावर खूप हसतात आणि अशी रेषा कधीच येऊ शकत नाही हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही.

इथे एक बारकावा आहे, तो पुस्तक वाचताना सुटू शकतो. उभ्या अक्षावर ‘घरापासूनचे अंतर’ असेल तरच रेषा खाली येऊ शकते. ‘एकूण कापलेले अंतर’ असेल, तर परत येतानाही ते वाढतच जाते. आपल्या उदाहरणात ते शेवटी आठ मीटर होईल आणि वहीतले आकडे ०, १, २, ३, ४, ४, ४, ४, ६, ८ असे होतील. गाडीतला किलोमीटरचा आकडा परतीच्या प्रवासात मागे फिरत नाही, तसेच हे. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘गतीचे नियम’ या प्रकरणात अंतर आणि विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून सरळ रेषेत, दिशेसह मोजलेले अंतर) असा जो भेद केला आहे, त्याचे मूळ इथे आहे. चाल आणि वेग यांचेही तसेच : बोलताना आपण दोन्हींना वेगच म्हणतो, पण पुस्तकात दिशेचा विचार केला की वेग आणि न केला की चाल. चाल कधी शून्याच्या खाली जात नाही. वेग ऋण असू शकतो. त्याच्या चाचणीतल्या बसच्या आलेखात उभ्या अक्षावर ‘चाल’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे बस परत आल्याचे त्या आकृतीतून कळण्याची सोयच नव्हती.

आता सायकलचा प्रश्न. मी त्याच्या प्रश्नाशी मिळताजुळता, पण हिशेबाला सोपा आलेख देते. एक मुलगी घरातून निघते. पहिल्या ८ मिनिटांत २ किलोमीटर जाते. सायकलची चेन पडल्यामुळे ६ मिनिटे थांबते. मग उरलेला १ किलोमीटर ६ मिनिटांत जाऊन २० व्या मिनिटाला शाळेत पोहोचते. हा आलेख मुलाला काढू द्या आणि तुकड्यातुकड्याने चाल काढायला सांगा. पहिल्या तुकड्यात ८ मिनिटांत २ किलोमीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात ६ मिनिटांत १ किलोमीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटर. तिसरी रेषा पहिलीपेक्षा वर आहे, तरी चाल कमी आहे, हे त्याने बोट ठेवून दाखवले पाहिजे. उंच असणे म्हणजे वेगवान असणे नव्हे. उंची सांगते ती मुलगी कुठे आहे, तिरपेपणा सांगतो ती किती जोरात चालली आहे. या दोन प्रश्नांची सरमिसळ हीच या सगळ्या विषयातली मुख्य अडचण आहे, आणि म्हणून मी तिच्यावर एवढी रेंगाळते आहे.

याच उदाहरणात सरासरी चालीचाही सापळा आहे. १५ आणि १० यांची सरासरी १२.५ येते आणि बहुतेक मुले तीच लिहितात. खरी सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ : २० मिनिटांत ३ किलोमीटर, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. थांबलेली सहा मिनिटे त्यात येतातच. आलेखावर हे पाहायचे असेल तर पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडावा. त्या सरळ रेषेचा तिरपेपणा म्हणजे सरासरी चाल.

यानंतर त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात, वरच्या आलेखाच्या बरोबर खाली, मिनिटांच्या खुणा जुळवून, त्याच मुलीचा चाल-काल आलेख काढायला सांगा. ८ मिनिटांपर्यंत १५ च्या उंचीवर आडवी रेषा, मग १४ मिनिटांपर्यंत शून्यावर, मग २० मिनिटांपर्यंत १० वर. वर जिथे रेषा तिरपी आहे तिथे खाली ती आडवी आहे. वर जिथे ती आडवी आहे तिथे खाली ती तळाला टेकली आहे. मुलगी तीच, सकाळ तीच, सायकल तीच, आणि तरी दोन आकृत्यांमध्ये काही साम्य नाही. दोन्ही आलेख एकाखाली एक काढण्याचा हा व्यायाम मला इतर कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. वर्गात तो क्वचितच होतो, कारण पुस्तकात दोन्ही आलेख वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या गाड्यांचे असतात.

घाटाचे उदाहरणही तुमच्या घरी द्यायलाच हवे. कराडहून चिपळूणला जाणारी एस.टी. सपाटीवर समजा ताशी ५० किलोमीटरने धावते आणि कुंभार्ली घाटाच्या वळणांवर ताशी २० वर येते. तिचा अंतर-काल आलेख काढला, तर घाटात तिरपेपणा वाढेल की कमी होईल? कमी होईल, कारण तेवढ्याच वेळात ती थोडेच अंतर कापते. म्हणजे जिथे रस्ता अवघड आणि उभा, तिथे आलेखाची रेषा उलट आडवेपणाकडे झुकते. ज्या मुलाने रेषेत रस्ता पाहिला, त्याला हे उदाहरण स्वतःहून काढायला लावले की ती जुनी समजूत सहसा परत येत नाही.

आता बसचा प्रश्न, जो मला दोघांपैकी अधिक अवघड वाटतो. बस थांब्यावरून सुटते, २० सेकंदांत तिची चाल १५ मीटर प्रति सेकंद होते, ६० सेकंद ती त्याच चालीने जाते आणि मग ३० सेकंदांत पुढच्या थांब्यावर येऊन उभी राहते. १५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, हे आधी त्याच्याकडून काढून घ्या, म्हणजे आकडा ओळखीचा होईल. मग चालकाच्या समोरच्या काट्याची कल्पना करायला सांगा. काटा शून्यावरून ५४ वर जातो, तिथे स्थिर राहतो, पुन्हा शून्यावर येतो. काटा स्थिर आहे म्हणून बस थांबली का? काटा खाली येतो आहे म्हणून बस मागे चालली आहे का? प्रवाशाच्या जागेवर बसून विचार केला की मुलांना हे लगेच पटते. चाल-काल आलेख म्हणजे त्या काट्याने कागदावर केलेली नोंद आहे, बसच्या जागेची नोंद नव्हे.

या आलेखात तिरपेपणा म्हणजे त्वरण, म्हणजेच दर सेकंदाला चाल किती बदलते ते. पहिल्या २० सेकंदांत चाल १५ ने वाढली, म्हणजे त्वरण ०.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. शेवटच्या ३० सेकंदांत ती १५ ने घटली, म्हणजे ऋण त्वरण, ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे भागाकाराचे काम आहे, त्याला जमेल. अवघड भाग म्हणजे रेषेखालच्या क्षेत्रफळातून अंतर कसे निघते, हा. बहुतेक मुले ते नुसते पाठ करतात आणि मग परीक्षेत क्षेत्रफळ अंतर-काल आलेखाचे काढून बसतात.

सुरुवात मधल्या तुकड्यापासून करावी. १५ मीटर प्रति सेकंद या चालीने ६० सेकंद गेले तर अंतर किती? चाल गुणिले वेळ, ९०० मीटर. हे त्याला पाचवीपासून येते. आता आकृतीत बघा : उंची १५, लांबी ६०, आयताचे क्षेत्रफळ ९००. गुणाकार तोच, फक्त तो आता डोळ्यांना आयत म्हणून दिसतो. चाल बदलत असते तिथे काय करायचे? त्या २० सेकंदांचे बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यापुरती चाल जवळजवळ स्थिर, म्हणून प्रत्येक तुकडा एक अरुंद आयत. ते सगळे शेजारी शेजारी लावले की एक जिना तयार होतो, आणि तुकडे जितके बारीक, तितका तो जिना त्रिकोणाला चिकटतो. आलेख-कागदावर पेन्सिलीने असा दहा पायऱ्यांचा जिना एकदा तरी काढायला लावा. त्रिकोणाचे क्षेत्रफळ २० गुणिले १५ भागिले २, म्हणजे १५० मीटर. शेवटचा त्रिकोण ३० गुणिले १५ भागिले २, म्हणजे २२५ मीटर. एकूण १२७५ मीटर. मग पूर्ण आकृती समलंब चौकोन आहे हे त्याच्या लक्षात आणून द्या : समांतर बाजू ११० आणि ६०, उंची १५, क्षेत्रफळ पुन्हा १२७५. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो आणि तो त्यांना मिळायलाच हवा. ‘आलेखाच्या साहाय्याने गतीविषयक समीकरणे’ हा जो भाग मुलांना जड जातो, त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे अंतर काढण्याच्या समीकरणातही नेमके एवढेच आहे, एक आयत आणि त्याच्या डोक्यावर एक त्रिकोण.

हे क्षेत्रफळ मुलाला पहिल्या दिवशी समजले नाही तर रागावू नका. बदलत्या चालीचे अंतर असे आकृतीच्या क्षेत्रफळातून पाहण्याची कल्पना चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम या विद्वानाने मांडली आणि पुढे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूंसाठी त्याच प्रकारची आकृती वापरली. मोठमोठ्या माणसांना जिथे इतका काळ लागला, तिथे आपण मुलाला दोन आठवडे तरी द्यावेत.

एककांकडेही लक्ष ठेवा. चाल ताशी ५४ किलोमीटर आणि वेळ २० मिनिटे असेल, तर ५४ गुणिले २० करून १०८० किलोमीटर लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहिली आहेत. २० मिनिटे म्हणजे तासाचा एक तृतीयांश, अंतर १८ किलोमीटर. उत्तर लिहिण्याआधी ‘वीस मिनिटांत बस एवढी लांब जाईल का?’ असे स्वतःला विचारायची सवय लागली तर ही चूक आपोआप थांबते.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा काय समजायचे, यावर हमखास प्रश्न येतो, म्हणून तेही एका उदाहरणाने सांगते. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या शेजारून एक सायकलस्वार ५ मीटर प्रति सेकंद या स्थिर चालीने जातो आणि त्याच क्षणी बस सुटते. तिची चाल दर सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढते. चाल-काल आलेखावर दोन्ही रेषा १० व्या सेकंदाला छेदतात. मुले लिहितात, ‘१० व्या सेकंदाला बसने सायकलला गाठले.’ क्षेत्रफळे काढून पाहा : तोवर सायकल ५० मीटर गेली आहे आणि बस फक्त २५ मीटर. त्या क्षणी दोघांची चाल सारखी झाली, एवढेच. बस सायकलला गाठते ती २० व्या सेकंदाला, दोघांनीही १०० मीटर कापल्यावर, आणि अंतर-काल आलेखात रेषा छेदतात त्या तिथे. एकीकडे छेदबिंदू म्हणजे सारखी चाल, दुसरीकडे छेदबिंदू म्हणजे प्रत्यक्ष भेट.

ही भेट कागदावर आधी ठरवणे, हे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातले रोजचे काम आहे. आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्या अक्षावर अंतराच्या प्रमाणात स्टेशने, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. पूर्वी कंट्रोलर हे तक्ते हाताने, पट्टी-पेन्सिलीने काढत. आता ते संगणकावर उमटतात. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग आजही एकेरी आहे. अशा मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा दोन स्टेशनांच्या मध्ये छेदून चालतच नाही. छेद स्टेशनावरच यायला हवा आणि त्यासाठी एका गाडीची रेषा तिथे थोडी आडवी करावी लागते. आपली गाडी ‘क्रॉसिंगला’ थांबते ती हीच आडवी रेषा. पुढच्या वेळी चिपळूणहून रेल्वेने जाल आणि गाडी एखाद्या छोट्या स्टेशनावर थांबून राहील, तेव्हा मुलाला तिथेच वहीत दोन रेषा काढून दाखवायला सांगा.

परीक्षेपुरते थोडे. आलेखाचे वर्णन करताना त्याने प्रत्येक वाक्यात कुठून कुठपर्यंतची वेळ, उभ्या अक्षावरचा आकडा आणि त्याचा अर्थ या तिन्ही गोष्टी लिहाव्यात : ‘८ ते १४ मिनिटे या काळात घरापासूनचे अंतर २ किलोमीटरच राहिले, म्हणून मुलगी थांबलेली आहे.’ ‘रेषा वर गेली, मग सरळ झाली’ अशी वाक्ये टाळावीत. त्यांना गुण मिळत नाहीत आणि त्यांनी समजही वाढत नाही. आलेख स्वतः काढताना उजव्या कोपऱ्यात दोन्ही अक्षांचे प्रमाण लिहावे, अक्षांना नावे आणि एकके द्यावीत. रेषा वक्र आली तर घाबरू नये. चाल सतत बदलते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. आपल्याच बसने पहिल्या १० सेकंदांत ३७.५ मीटर आणि पुढच्या १० सेकंदांत ११२.५ मीटर, म्हणजे तिप्पट अंतर कापले, म्हणून तिची अंतर-काल रेषा वर वर उभी होत जाते.

शिकवणीबद्दल विचारलेत. तूर्त लावू नये, असे मला वाटते. अनेक शिकवण्यांमध्ये वेळेअभावी पुन्हा तोच सहा आकृत्यांचा तक्ता पाठ करून घेतला जाईल आणि तुमच्या मुलाचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहील. त्याऐवजी पंधरा दिवस, रोज वीस मिनिटे तुम्ही त्याच्यासोबत बसा. तुम्हाला हे आठवत नाही, ही अडचण मानू नका. ‘मला समजावून सांग’ असे तुम्ही खरोखर विचारू शकाल, आणि समजावताना कुठे अडखळतो आहोत हे त्याला स्वतःलाच कळेल. शिक्षकांनाही एकदा जाऊन भेटा, मात्र तक्रार घेऊन नव्हे. ‘पहिल्या प्रश्नात तो रस्ता पाहतो आहे आणि दुसऱ्यात अक्ष वाचत नाही’ एवढे दोन मुद्दे सांगा. साठ मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना असा फरक शिक्षकांच्या नजरेतून निसटू शकतो. तो सांगितला तर बहुतेक शिक्षक आनंदाने लक्ष घालतात.

पंधरा दिवसांनी त्याला एक कोरा आलेख-कागद द्या आणि कराड ते चिपळूण या एस.टी.च्या प्रवासाचे दोन्ही आलेख, एकाखाली एक, स्वतःच्या आकड्यांनी काढायला सांगा : सुटणे, सपाटी, पाटणचा थांबा, घाट, उतार, चिपळूणचे स्थानक. काढून झाल्यावर कोणत्या वेळी बस कुठे होती आणि किती जोरात धावत होती, हे त्याने फक्त कागदाकडे पाहून तुम्हाला सांगायचे आहे. तो कागद मला पाठवा. त्यात काही अडलेले दिसले, तर पुढच्या पत्रात आपण तेवढाच भाग घेऊ.